डेमनोलेट्री : "तुझा डेमन कोण?" या प्रश्नाला काय उत्तर द्यायचं?

उंबरठा

नमस्कार मंडळी. विषय जरा विचित्र आहे, त्यामुळे माफी आधीच मागून ठेवतो.

मी दीड वर्षापासून एडिंबरात आहे. एका घरात चौघे भाडं वाटून राहतो. त्यातली एक मुलगी ग्लासगोकडची, ग्रंथालयात नोकरीला, शांत स्वभावाची आणि आपली भांडी वेळेवर घासणारी. (हे शेवटचं महत्त्वाचं. उरलेल्या दोघांवर वेगळा धागा निघेल.) गेल्या आठवड्यात हीटर दुरुस्तीवाला आला, ती कामावर होती, म्हणून तिला फोन करून विचारून तिची खोली उघडून दिली. कपाटावर चक्क देवघर! दोन काळ्या मेणबत्त्या, वाटीत पाणी, ऊद, आणि कागदावर शाईने काढलेलं एक गोल चिन्ह. संध्याकाळी मी हळूच विचारलं, तर तिने काही लपवलं नाही. म्हणाली, मी डेमनोलेट्री करते, म्हणजे डेमनांची उपासना. सैतानाला बकरे कापणं वगैरे नाही, प्रत्येकाचा एक मार्गदर्शक असतो, त्याच्याशी नातं जोडायचं.

मग तिनेच सहज विचारलं, "तुमच्याकडे तर असं असतंच ना? तुझा कोण?"

मी गडबडलो आणि तोंडातून निघालं, "खंडोबा." तो कोण, हे समजावून सांगितल्यावर ती म्हणाली, "तो घराण्याचा झाला. तुझा कोण?"

तर प्रश्न असे. हा स्वतःचा मार्गदर्शक कोण, हे त्यांच्यात ठरतं कसं? डेमन म्हणजे राक्षसच ना शेवटी? आणि आपल्याकडे याच्या जवळचं काय आहे? टिंगल करा, पण माझी. तिची नको.

चहाबाज

शेंगदाणे घेऊन बसलोय. "खंडोबा" हे उत्तर फार आवडलं. मी घाबरून "एलआयसी" म्हणालो असतो.

मनमोकळी

मी थट्टा करणार नाही. खोली बदल. काळ्या मेणबत्त्या, चिन्हं, आणि वर तुला "तुझा कोण" म्हणून विचारणं. ओढायलाच बघतेय ती. घरी आईला सांगितलंस का?

उंबरठा

आईला सांगितलं तर ती पुढच्या विमानाने येईल, मनमोकळी. आणि ओढत वगैरे नाही हो. मी विचारलं म्हणून तिने विचारलं.

पानगळ

आधी शब्दाचं बघू, कारण निम्मा घोळ तिथेच आहे.

ग्रीक "डायमोन" म्हणजे राक्षस नव्हे. "वाटून देणं" या अर्थाच्या क्रियापदापासून तो शब्द आला असं मानतात. म्हणजे ज्याने तुमचा वाटा ठरवला तो. आपल्या "भाग्य" शब्दातही "भाग"च आहे, वाटाच. हेसिअड या ग्रीक कवीच्या काव्यात सुवर्णयुगातली माणसं मेल्यावर डायमोन होतात आणि मर्त्यांची राखण करत हिंडतात. प्लेटोच्या "रिपब्लिक"च्या शेवटी जन्माला येण्याआधीच्या आत्म्यांना सांगितलं जातं की डायमोन तुम्हाला निवडणार नाही, तुम्हीच तुमचा डायमोन निवडाल. निवडून झालं की तो आयुष्यभर सोबत येतो. ज्याचा डायमोन चांगला तो "युडायमोन", म्हणजे सुखी. आपलं "सुदैवी" इथे नेमकं बसतं.

मग राक्षस कधी झाला? हिब्रू बायबलचा ग्रीक अनुवाद झाला, त्यात एका स्तोत्रात इतर लोकांचे सगळे देव म्हणजे "डायमोनिया" असं आलं. पुढे ख्रिस्ती धर्मपंडितांनी तोच धागा ओढला. अपुलेयस या लॅटिन लेखकाने डायमोन हे देव आणि माणूस यांच्यामधले निरोपे आहेत असं मांडलं होतं. संत ऑगस्टिनने त्याची चांगली पानंच्या पानं खर्चून चिरफाड केली: हे निरोपे मुळातच दुष्ट. तिथून पुढे शब्द खाली आला तो आलाच.

आता "डेमनोलेट्री". निकोला रेमी नावाचा लोरेन प्रांतातला सरकारी वकील होता. १५९५ साली त्याने याच नावाचा लॅटिन ग्रंथ छापला. पंधरा वर्षांत चेटूक केल्याबद्दल सुमारे नऊशे माणसं मृत्युदंडाला गेली, त्या खटल्यांवर हे आधारलेलं आहे, असं शीर्षकपानावरच अभिमानाने सांगितलंय. थोडक्यात, हे नाव भक्तांनी घेतलेलं नव्हतं, फाशी देणाऱ्याने ठेवलेलं होतं. आजची मंडळी तेच नाव उचलून मिरवतात. इंग्रजीत ते हट्टाने जुनं स्पेलिंग लिहितात, जोडाक्षर घालून. ग्रीक अर्थ अभिप्रेत आहे हे सुचवायला.

चहाबाज

पानगळ, मास्तर, दंडवत. पण सॉक्रेटिस राहिला.

पानगळ

त्याच्यासाठी वेगळा प्रतिसाद राखून ठेवला होता, तू घाई केलीस.

सॉक्रेटिसचं "डायमोनिऑन" हे या सगळ्याचं मूळपीठ. इ. स. पू. ३९९ च्या खटल्यात तो न्यायालयाला सांगतो की लहानपणापासून मला एक आवाज येतो, तो आला की मला थांबवतो. "कर" असं कधीच म्हणत नाही. (त्याचा दुसरा शिष्य झेनोफोन, त्याच्या मते सल्लाही द्यायचा, पण प्लेटोचा सॉक्रेटिस यावर ठाम आहे.) शिक्षा झाल्यावर तो म्हणतो, आज सकाळी घरून निघताना, इथे बोलताना, एकदाही त्या खुणेने अडवलं नाही, त्याअर्थी जे झालं ते वाईट नसावं. आरोपांतला एक आरोपच होता की हा शहराचे देव सोडून नवे डायमोनिया आणतो.

आता गंमत. प्लुटार्क या ग्रीक लेखकाने यावर एक संवाद लिहिलाय. त्यात एक जण म्हणतो, आवाज कसला, शिंक होती ती! उजवीकडून कुणी शिंकलं तर सॉक्रेटिस पुढे जायचा, डावीकडून शिंकलं तर थांबायचा.

शिंकाळं

शिंक आडवी आली!! माझी आजी अथेन्सची होती तर.

चहाबाज

त्याच संवादातली डुकरांची गोष्टही सांगा ना. मला वाटतं तीच आहे: सॉक्रेटिस मित्रांबरोबर चाललाय, मध्येच थबकतो, म्हणतो या गल्लीने नको. काही जण त्याच्याबरोबर वळतात. काही तरुण मुद्दाम सरळ जातात, खोटं पाडायला. समोरून चिखलाने लडबडलेला डुकरांचा कळप. अंगावर चिखल घेऊन परत. दैवी मार्गदर्शनाचा यापेक्षा उपयुक्त नमुना मी वाचलेला नाही. पुण्यात पावसाळ्यात मला हाच डेमन हवाय.

पानगळ

तीच. प्लुटार्कमधलीच.

शिमेवयलो

पानगळ यांनी शब्द खाली कसा आला ते सांगितलं. आमच्या गोव्यात असा एक शब्द अजून जिवंत आहे, आणि अजून दोन तुकड्यांत आहे: देवचार.

माझ्या आजीसाठी देवचार म्हणजे गावाच्या शिमेवरचा राखणदार. रात्री हातात काठी घेऊन फिरतो, वाट चुकलेल्याला घरी पोचवतो. त्याला विडी, सोरो (दारू), रोट. वर्षाची राखण, म्हणजे त्याचा हा मान, चुकली की घरात कुरबुरी सुरू. म्हापशाचा बोडगेश्वर हा तर सगळ्या शहराचा राखणदार, त्याच्या जत्रेला कोण जात नाही? आणि आमच्या शेजारची कॅथलिक मावशी पोराला रागावताना "देवचारा!" म्हणायची, म्हणजे सैताना. त्यांच्या कोंकणीत देवचार म्हणजे सैतानच. एकच कुंपण, अलीकडे तो राखण करतो आणि पलीकडे नरकात नेतो. लहानपणी मला वाटायचं दोन वेगळे असतील. मावशीच्या माडाखाली मात्र दरवर्षी कुणीतरी विडी ठेवून जायचं. कोण, ते आम्ही कधी विचारलं नाही.

शिरोड्याकडची

आमच्या आरवलीचा वेतोबा घ्या. वेताळ म्हटलं की देशावरच्या माणसाला स्मशान आणि भुतांचा राजा आठवतो. आरवलीत तो गावाचा मायबाप आहे. केळ्यांचा घड आणि भल्यामोठ्या चपला वाहतात त्याला. रात्री तो राखणीला फिरतो म्हणून त्या झिजतात, असं आम्ही लहानपणापासून ऐकलंय आणि झिजलेल्या चपला पाहिल्याही आहेत. गाऱ्हाण्याला उभं राहून "व्हय म्हाराजा" म्हणायचं. घाबरायचं काय त्यात?

निरीश्वर

घाबरू नका, पण थोडं भानावरही या.

शिमेवयलो, शिरोड्याकडची, तुमचे दोघांचे राखणदार जागेचे आहेत. गाव सोडलं की त्यांचा हिशेब संपला. मूळ प्रश्न व्यक्तीच्या मार्गदर्शकाचा आहे. दोन्ही एकाच पातेल्यात शिजवू नका.

आणि सॉक्रेटिसच्या आवाजाला आजच्या भाषेत साधं नाव आहे: अंतर्ज्ञान, अनुभवाचा साठा, सद्सद्विवेक, हवं ते म्हणा. त्याला मेणबत्ती लागत नाही. इंटरनेटवर "तुमचा रक्षक डेमन कोण ते सांगतो, इतके डॉलर पाठवा" म्हणणारे ढिगाने आहेत. आपल्याकडे याच धंद्यासाठी २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा करावा लागला. बाई भांडी घासते म्हणून तिचं तत्त्वज्ञान खरं ठरत नाही.

उंबरठा

पैशांचा विषय नाहीये, निरीश्वर. उलट ती म्हणते की जो पैसे मागून नाव सांगतो तो हमखास खोटा. पण जागेचा आणि व्यक्तीचा हा मुद्दा पटला.

पानगळ

निरीश्वरांचा भेद अगदी बरोबर, आणि रोमन लोकांनी तो केलेलाही होता. जागेचा "जीनियस" वेगळा, माणसाचा वेगळा. पुरुषाबरोबर त्याचा जीनियस जन्मतो, बाईबरोबर तिची जूनो. केन्सोरिनस नावाच्या लेखकाने इ. स. २३८ मध्ये आपल्या आश्रयदात्याच्या वाढदिवसाची भेट म्हणून एक पुस्तकच लिहिलं. त्यात हे सगळं आहे: वाढदिवस हा खरं तर जीनियसचा सण, त्याला मद्य वाहायचं, पण त्या दिवशी रक्त सांडायचं नाही. ज्या दिवशी आपण उजेड पाहिला त्या दिवशी दुसऱ्याचा उजेड का हिरावून घ्या?

मनमोकळी

हे सुंदर आहे. आमच्याकडे औक्षण, तेही दिव्यानेच.

पाचवी गल्ली

व्यक्तीबरोबर जन्मणारा रक्षक हवा असेल तर ग्रीसपर्यंत कशाला जाता, दादर पारशी कॉलनीपर्यंत या. फ्रवशी. प्रत्येक माणसाची एक. अग्यारीवर पंख पसरलेली आकृती असते ना, फरोहर, ती फ्रवशीचीच खूण असं बहुतेक पारशी सांगतात. वर्षाच्या शेवटच्या दहा दिवसांत, मुक्तादमध्ये, मेलेल्यांच्या फ्रवशी घरी येतात म्हणून फुलदाण्या मांडतात. आमच्या वरच्या मजल्यावरच्या आंटी त्या दिवसांत जिन्यावर कुणाला मोठ्याने बोलू द्यायच्या नाहीत.

आणि विरोधाभास बघा, पारशांच्याच धर्मग्रंथात, अवेस्तात, "दएव" म्हणजे दुष्ट शक्ती. आपला देव तो त्यांचा राक्षस, आणि आपला असुर तो त्यांचा अहुर, म्हणजे देव.

शिंकाळं

आणि आपला "राक्षस" शब्द तरी काय? रामायणाच्या उत्तरकांडात ब्रह्मदेव पाणी निर्माण करतो आणि प्राण्यांना त्याची राखण करायला सांगतो. जे "रक्षामः" म्हणाले ते राक्षस, जे "यक्षामः" म्हणाले ते यक्ष. मुळात वॉचमनची नोकरी होती.

ग्रहमान

कुणीच ज्योतिषाकडे वळलं नाही म्हणून लिहितो. इष्टदेवता कुंडलीवरून निघते. जैमिनी पद्धतीत आत्मकारक ग्रह बघा, तो नवमांशात ज्या राशीत तो कारकांश, त्याच्या बाराव्या स्थानावरून इष्टदेवता. उंबरठा, जन्मवेळ व्यनि (खाजगी निरोप) करा.

निरीश्वर

आला धंदा.

ग्रहमान

फुकट आहे हो.

पानगळ

ग्रहमान, भांडू नका, कारण हा वाद सतराशे वर्षांपूर्वी होऊन गेलाय. पॉर्फिरी या तत्त्वज्ञाने अनेबो नावाच्या इजिप्शियन पुरोहिताला पत्र लिहून नेमकं हेच विचारलं: कुंडलीच्या मालक ग्रहावरून आपला डायमोन काढता येतो का? आणि एकच असतो की शरीराच्या, मनाच्या वेगवेगळ्या भागांना वेगवेगळे? आयाम्ब्लिकस या दुसऱ्या तत्त्वज्ञाने उत्तर दिलं: कुंडलीवरून नाही. डायमोन एकच, सबंध माणसाचा. तो कुठल्या एका ग्रहाचा अंश नाही, आणि तो कळतो तो गणिताने नव्हे, उपासनेने. शिवाय एक वाक्य टाकलंय जे मला फार महत्त्वाचं वाटतं: उपासना पुढे गेली की डायमोन बाजूला होतो किंवा देवाच्या हाताखाली काम करू लागतो. म्हणजे मार्गदर्शक हा मुक्काम नव्हे.

पॉर्फिरीने आपल्या गुरूची, प्लोटायनसची, एक गोष्ट नोंदवलीय. रोममध्ये एक इजिप्शियन पुरोहित आला आणि म्हणाला, तुमचा डायमोन समोर आणून दाखवतो. जागा शुद्ध हवी, ती म्हणे साऱ्या रोममध्ये इसिसच्या देवळातच मिळाली. आवाहन केलं, तर डायमोनऐवजी देवच प्रकटला. पुरोहित चकित. पण रक्षणासाठी कोंबड्यासारखे पक्षी हातात धरून उभा असलेल्या मित्राने मत्सराने म्हणा की भीतीने, ते पक्षी दाबून मारले, आणि सगळं विस्कटलं. प्रश्न विचारायचे राहूनच गेले.

चहाबाज

प्रत्येक पूजेत एक असा मित्र असतोच. आमच्या सत्यनारायणाला तो शिरा आधी खातो.

लेकसाइड

थोडं अवांतर, पण उंबरठा स्कॉटलंडात आहेत म्हणून. "पवित्र रक्षक देवदूता"शी गाठ घालून देणारा एक जुना विधी आहे, अब्रामेलिनचा. मॅथर्स या इंग्रज गूढविद्यावाल्याने पॅरिसच्या आर्सेनल ग्रंथालयातल्या फ्रेंच हस्तलिखितावरून त्याचा इंग्रजी अनुवाद केला. त्यात सहा महिने एकांतात प्रार्थना. जर्मन हस्तलिखितांमध्ये दीड वर्ष. या विधीसाठी ॲलिस्टर क्रोली या इंग्रज मांत्रिकाने १८९९ मध्ये लॉख नेसच्या काठावरचं बोलस्किन हाउस विकत घेतलं. विधी अर्धवट टाकून लंडनला गेला. पुढे ते घर एका रॉक बँडच्या गिटारवाल्याने घेतलं, २०१५ मध्ये जळलं, २०१९ मध्ये परत जळलं. आम्ही मागे तिथून गेलो होतो. मेंढ्या आहेत.

लक्षात घ्या, त्या विधीत आधी देवदूत, आणि मग त्याच्या जोरावर डेमनांना हुकूम. डेमनोलेट्रीवाले हेच उलटं करतात.

उंबरठा

उलटं म्हणजे?

गवती चहा

नमस्कार. चार वर्षं इथे फक्त वाचतोय. आज या धाग्यासाठी नाव नोंदवलं. मी डेमनोलेट्री करतो. नाशिकला असतो, एका प्रयोगशाळेत तंत्रज्ञ आहे. घरी कुणाला माहीत नाही, म्हणून जास्त खुणा देत नाही.

"उलटं" याचं उत्तर आधी. वायर नावाच्या वैद्याने १५७७ मध्ये एकोणसत्तर डेमनांची यादी छापली, नंतरच्या "गोएशिया" या मंत्रग्रंथात बहात्तर आहेत. त्या ग्रंथांची रीत अशी: स्वतः रिंगणात उभं राहायचं, समोर त्रिकोण, त्यात त्याला ओढून आणायचं, देवाची नावं घेऊन धमक्या द्यायच्या, नाहीच आला तर शाप. म्हणजे पोलीस चौकशीच. आम्ही ते करत नाही. आमंत्रण देतो, आला तर पाणी विचारतो, नाही आला तर जबरदस्ती नाही. कोकणातल्या मंडळींनी राखणीबद्दल लिहिलं तसंच बरंचसं.

आता मार्गदर्शक. आमच्यातही दोन गोष्टींची सरमिसळ होते. एक, जन्माबरोबर वाट्याला आलेला, पानगळ म्हणतात तो डायमोन. दुसरा, ज्याला आम्ही "पेट्रन" म्हणतो, आपण ज्याच्याशी नातं जोडतो तो. अग्रिपा या गूढविद्येवरच्या जुन्या लेखकाने तर प्रत्येक माणसाचे तीन राखणदार सांगितलेत: एक देवाकडून आलेला, एक जन्मवेळेचा, एक धंद्याचा. धंदा बदलला की तिसराही बदलतो! माझ्यापुरतं मी असं समजतो: कुलदैवत वाट्याला येतं, इष्टदैवत आपण निवडतो. उंबरठा यांनी पहिल्याचं उत्तर दिलं, त्यांच्या घरातल्या मुलीने दुसरा प्रश्न विचारला होता.

ठरतं कसं? खरं सांगायचं तर पहिलं वर्ष मी स्वतःला फसवलं. सगळे ल्युसिफर म्हणतात, मीही म्हणालो. नाव भारी, चित्रं भारी. घडलं काहीच नाही. मग एका अनुभवी माणसाने सांगितलं, वर्षभर कुणाचंही नाव घेऊ नकोस. रोज दहा मिनिटं शांत बस आणि वहीत लिही: काय स्वप्न पडलं, कुठल्या विषयाकडे मन परत परत गेलं, कुठे अडकलास. टॅरोची पानं काढलीस तर तेही लिही, पण त्यावर निर्णय घेऊ नकोस.

त्याच वर्षी आईचं डायलिसिस सुरू झालं. वर्ष संपल्यावर वही उलटी वाचली. तीन गोष्टी सगळीकडे होत्या: झाडपाला, औषधं, आणि "नीट विचार कर" असं कुणीतरी म्हणतंय अशी स्वप्नं. गोएशियाच्या यादीत दहावा आहे बुएर. तत्त्वज्ञान, तर्कशास्त्र आणि वनस्पतींचे गुण शिकवणारा, बरं करणारा. मला चमत्कार वगैरे वाटला नाही. हसू आलं. म्हटलं, तूच होय.

त्याचा नैवेद्य म्हणजे माझी गच्ची. गवती चहा, ओवा, पुदिना, अडुळसा. रोज पाणी घालणं हीच पूजा. आई बरी होईल असं मी त्याच्याकडे कधी मागितलं नाही, आणि डॉक्टरांच्या सल्ल्याच्या जागी काही वापरलं नाही. पण तीन वर्षं आठवड्यातून तीनदा त्या खुर्चीशेजारी चिडचिड न करता बसलो. आधीचा मी बसू शकलो नसतो.

मनमोकळी

गवती चहा, मी पहिला प्रतिसाद घाईत दिला होता. आईंना नमस्कार सांगा.

निरीश्वर

प्रामाणिक लिहिलंत, म्हणून प्रामाणिकपणे विचारतो. वर्षभर वही लिहिली, स्वतःच्या मनात काय घोळतंय ते कळलं, मग बहात्तरांच्या यादीत जुळणारं नाव शोधलं. घरात आजारी आई असेल तर औषधांवर बोट पडणारच. यात बुएर नेमका कुठे आला? वही पुरे होती की.

गवती चहा

कदाचित पुरे होती. पण वहीला मी पाणी घातलं नसतं.

चहाबाज

निरीश्वर, यावर आज रात्री झोप लागायची नाही तुम्हाला.

निरीश्वर

लागेल. पण उत्तर चांगलं आहे हे मान्य.

कंपाउंडर

मी मनोविकारतज्ज्ञ आहे, आयडीवर जाऊ नका. कुणाच्या श्रद्धेवर बोलत नाही. फक्त हा धागा उद्या एखादा एकोणीस वर्षांचा मुलगा वाचेल, त्याच्यासाठी दोन ओळी.

ध्यानात विचार "सुचणं" वेगळं आणि जागेपणी कानाने आवाज ऐकू येणं वेगळं. आवाज हुकूम देत असेल, स्वतःला किंवा दुसऱ्याला इजा करायला सांगत असेल, आठवडाभर झोप उडाली असेल, माणसं तोडायला लावत असेल, तर तो कुठल्याही यादीतला असो, आधी आमच्याकडे या. भारतात टेलि-मानसचा १४४१६ हा फुकट नंबर आहे. सॉक्रेटिसची कसोटी मला इथे बरी वाटते: त्याचा आवाज फक्त थांबवायचा. ढकलायचा नाही.

गवती चहा

शंभर टक्के सहमत. मला शिकवणाऱ्याने पहिल्या दिवशी विचारलं होतं, झोप नीट लागते का? लागत नसेल तर सुरू करू नकोस.

बेलभंडार

उशिरा आलो. सगळे ग्रीस, रोम, गोवा फिरून आले आणि उंबरठाच्या पहिल्या उत्तराकडे कुणी वळलंच नाही. अरे, खंडोबाच सांगितलास ना? मग मणी-मल्ल विसरलास का?

मल्हारी माहात्म्यात दोघे दैत्य भाऊ. मल्ल शेवटपर्यंत ऐकला नाही, त्याचं डोकं पायरीशी, येणाऱ्या-जाणाऱ्याच्या पायाखाली. मणी मात्र मरताना शरण आला, आपला पांढरा घोडा देवाला दिला आणि वर मागितला की मलाही तुझ्याजवळ जागा दे. देवाने दिली. तेव्हापासून जिथे खंडोबा तिथे मणी. जेजुरीला गेलास तर त्यालाही नमस्कार करून आला असशील, लक्षात नसेल. दैत्याला हात जोडायला आपल्याला कुणी स्कॉटलंडहून शिकवायला नको.

शिंकाळं

यळकोट यळकोट! धागा जिंकला.

उंबरठा

बेलभंडार, खरंच विसरलो होतो. लहानपणी बाबांच्या खांद्यावरून चढलो होतो जेजुरी, भंडाऱ्याने डोळे चुरचुरत होते एवढंच आठवतं.

परवा हा सगळा धागा तिला जमेल तसा वाचून दाखवला. स्वयंपाकघरात, दोन तास. काही गोष्टी तिच्याकडून:

तिने काढलेलं ते चिन्ह यादीतलं नाही. तिच्या मार्गदर्शकाचं नाव तिला अजून माहीत नाही, आणि ते शोधायची तिला घाई नाही. गवती चहांच्या वहीबद्दल सांगितलं तर आत जाऊन स्वतःच्या तीन वह्या घेऊन आली. मेणबत्त्या काळ्या का, तर म्हणे त्या दिवशी दुकानात सवलत होती. (मनमोकळी, हे खास तुमच्यासाठी.) शिमेवयलोंच्या मावशीच्या माडाखालची विडी ऐकून मात्र ती बराच वेळ काही बोलली नाही. तिच्या पणजीकडे म्हणे दुधाचा पहिला घोट बाहेरच्या एका दगडावर सांडायची पद्धत होती, आणि तीच पणजी दर रविवारी चर्चमध्ये पहिल्या बाकावर.

शेवटी मणीची गोष्ट सांगितली. तिने विचारलं, "मग तू खंडोबाकडे जातोस की मणीकडे?" मी म्हटलं, आईला विचारतो. फोन लावला. आई म्हणाली, दोघांकडे जायचं, आणि तुला हे आत्ता कुणी विचारलं, कुठली मुलगी, काय वय.

चहाबाज

आता खरा धागा सुरू झाला.

मनमोकळी

उंबरठा, आई पुढच्या विमानाने येतायत.

उंबरठा

नाही येत. चंपाषष्ठीला वांगी भाजून भरीत-रोडगा कर आणि तिलाही वाढ, असा निरोप आहे. आता प्रश्न एवढाच की इथे गॅसवर वांगं धरलं की चौथ्या मिनिटाला धुराची घंटा वाजते आणि घरमालकाला मेसेज जातो. कुणाकडे उपाय आहे का?

शिरोड्याकडची

ओव्हनमध्ये भाज, आधी टोचे मार, नाहीतर फुटेल. चव नाही येत तशी, पण देव समजून घेतो.

बेलभंडार

देव समजून घेईल. मणीचं सांगता येत नाही.